आमची वाटचाल : रेटच्या खाली आम्ही गेलो नाही

पिंपरी-चिंचवडला आम्ही हाउसकीपिंगचं काम धरलं तेव्हा हिंजवडीत एकेक टॉवर उभा राहत होता आणि जो तो कामगार पुरवणारा 'सप्लायर' झाला होता. मी आणि अण्णा, दोघांची भागीदारी. भांडवल म्हणजे फरशी घासायचं एक सेकंडहँड सिंगल डिस्क मशीन, पोछा पिळायच्या दोन रिंगर ट्रॉल्या आणि अण्णांची माणसं जोडायची हातोटी. रोजच्या सफाईला लाल पॅड, जुनं पॉलिश उतरवायला काळा, चमक आणायला पांढरा, हे पाठ झाल्याशिवाय नव्या पोराला ते मशीनला हात लावू देत नसत. ब्रश घासले, वायर बदलली, स्विच बदलला. मोटर अजून तीच आहे.

अण्णांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवल्या. कामगाराची मूळ कागदपत्रं, पासबुक, एटीएम कार्ड ऑफिसात ठेवायची नाहीत. झेरॉक्स काढायची आणि त्याच हाताने परत द्यायची. दुसरं म्हणजे, गावाकडून माणूस आणणाऱ्याचं कमिशन कामगाराच्या पगारातून कापू द्यायचं नाही, द्यायचं तर आपल्या खिशातून. धंद्यातले लोक आम्हाला खुळ्यात काढायचे. पण कागद अडकवून ठेवलेला माणूस नोकरीला नसतो, तो अडकलेला असतो, हे अण्णांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं.

पुढची वर्षं बरी गेली. मग आमची सगळ्यात मोठी साइट गेली, आणि ती कशी गेली हे सविस्तर सांगितलंच पाहिजे.

रेटशीटमध्ये, म्हणजे ग्राहकाला द्यायच्या दरपत्रकात, काय असतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. किमान वेतन, त्यावर विशेष भत्ता, पीएफचे मालकाच्या वाट्याचे 12 टक्के आणि वर प्रशासकीय खर्च, ईएसआयचे (कामगार विम्याचे) 3.25, बोनसचे 8.33, रजा, रिलीव्हर म्हणजे सुट्टीवरच्याच्या जागी बदली माणूस. या बेरजेला हात लावायला जागाच नाही. उरतो तो सर्व्हिस चार्ज, त्यात आमचं मशीन, केमिकल, सुपरवायझर आणि घर. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी समोरच्या ठेकेदाराने सर्व्हिस चार्ज शून्य भरला. शून्य! कंपनीच्या परचेसवाल्यांनी, म्हणजे खरेदी विभागाने, तो हसतमुखाने घेतला. मी विचारलं, हा माणूस खाणार काय? उत्तर आलं, तो त्याचा प्रश्न.

तो प्रश्न कोणाच्या ताटातून सुटला ते आमच्याकडे आधी कामाला असलेल्या आणि आता त्याच्याकडे गेलेल्या बायकांनी येऊन सांगितलं. पगार खात्यावर बरोबर पडायचा, चलन बरोबर, मस्टर बरोबर. एटीएम कार्डं मात्र सुपरवायझरच्या डब्यात. पगार झाला की तो पैसे काढायचा, कापून घ्यायचा आणि उरलेले हातावर ठेवायचा. झारखंडहून आणलेल्या पोरांना खोली त्या ठेकेदाराचीच, भाडं त्याचंच, प्रवासखर्चाचं कर्जही त्याचंच. 1982 साली एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं म्हणजे घटनेच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरी. याला वेठबिगारी म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ज्या कंपनीची ती साइट, तिचं मूळ ऑफिस लंडनला. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्याने वर्षाला 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आधुनिक गुलामगिरीविरुद्ध काय केलं याचं निवेदन दरवर्षी काढावं लागतं. म्हणून खालच्या ठेकेदारांना प्रश्नावली येते. त्या ठेकेदारानेही भरली असणार, सगळीकडे 'होय' लिहून. खोली बघायला कोणी गेलं नाही. हे मला आजही सलतं.

त्या वर्षी आम्ही बुडालोच होतो. तारलं ते एका हॉस्पिटलच्या ॲडमिन मॅडमनी. आमचं बिल त्या महिना संपल्याबरोबर काढायच्या, कारण सात तारखेला पगार व्हायला हवा हे त्यांना कळत होतं. आमची रेटशीट ओळ न् ओळ वाचणारी ग्राहक मला तेवढी एकच भेटली. "रेट पाडू नका आणि माझी माणसं बदलू नका," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्याच गेटवर एकदा दिवाळीच्या तोंडावर बीडकडचा ऊसतोडीचा एक मुकादम जीप घेऊन आला. आमच्या एका मावशी आणि त्यांचे यजमान, म्हणजे त्याच्या हिशेबात एक कोयता (नवरा-बायकोची जोडी), उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे फेडल्याशिवाय पुण्याला पळाले असं त्याचं म्हणणं. मावशी थरथरत होत्या. "दादा, तीन हंगाम ऊस तोडला, तरी आकडा वाढतोच." मॅडमनी मुकादमाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि 1976 चा वेठबिगार कायदा समोर ठेवला. अशा बोलीवरचं कर्ज कायद्यानेच संपतं, त्यासाठी माणसाला राबवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वहीतला हिशेब दाखवा म्हटल्यावर वही निघाली नाही. जीप रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी मावशींचा अर्ज आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाला दिला, कारण मुकादम परत येऊ शकतो आणि पोच असलेला कागद हातात लागतो.

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना सांगतो. पोटठेकेदाराकडून प्रतिज्ञापत्र घेऊन फाइल बंद करू नका. पीएफच्या ईसीआरमधली, म्हणजे दर महिन्याला भरायच्या ऑनलाइन विवरणातली, नावं आणि गेटवरचं रजिस्टर शेजारी ठेवून जुळवा. कामगाराला एकट्याला गाठा, एटीएम कार्ड कुठे आहे विचारा. लगेच खिशात हात घातला तर ठीक. रात्री खोलीवर जा. ॲडव्हान्स दिला तर वहीत कामगाराची सही घ्या, हप्ता छोटा ठेवा, आणि बाकी राहिली तरी सोडून जायची त्याला मोकळीक ठेवा. आणि परचेसवाल्यांनो, बेरजेच्या खालचा रेट घेऊ नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देणं मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवर, येतं.

काचा धुणारी गँग आम्ही बाहेरून घ्यायचो. गेल्या वर्षी त्या ठेकेदाराने ईसीआर दाखवायला नकार दिला. आता दोर, हार्नेस, पडताना अडवणारे फॉल अरेस्टर आमचे आणि पोरं आमच्या मस्टरवर. रेट थोडा वाढला आहे, मॅडमनी तो मंजूर केला.