ॲट द रेट

परवा कॉलेजचा मेल आला की निकालानंतर तुमचं स्टुडंट अकाउंट बंद होणार आहे, कामाचं काय असेल ते वेळेत काढून घ्या. भाडेकरूला नोटीस देतात तशी भाषा. तीन वर्षं ज्या अकाउंटला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या ते जाणार म्हटल्यावर उगाचच कसंतरी झालं, रडूबिडू नाही आलं, पण घर बदलताना सगळं सामान हललं तरी भिंतीतल्या खिळ्याकडं लक्ष जातं की नाही, तसं काहीतरी.

सुरुवातीपासून सांगते. बीएस्सीला ॲडमिशन झाली, फी भरली, आयकार्डला फोटो दिला (तो फोटो हा वेगळा विषय आहे), आणि एक दिवस वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल शीट येऊन पडली. त्यात अख्ख्या वर्गाची नावं, नावासमोर मेल आयडी, आणि आयडीसमोर पासवर्ड. सगळ्यांचा, सगळ्यांना दिसेल असा. पासवर्डपण कसला, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढं जन्मसाल, म्हणजे शीट आली नसती तरी शेजारच्या बाकावरच्यानं ओळखला असता. पहिल्यांदा लॉगिन केलं की तो लगेच नवीन पासवर्ड टाकायला सांगतो, म्हणजे जो आधी घुसेल त्याचं घर. आमच्या वर्गातल्या एका महाभागानं त्या रात्री बसून सात-आठ जणांचे पासवर्ड बदलले आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकेक चहाला एकेक पासवर्ड परत दिला. मला म्हणाला, तुझंपण करणार होतो बे, पण उघडलंच नाही. का उघडलं नाही तर त्यानं माझं नाव बरोबर टाईप केलं होतं.

माझं नाव भाग्यश्री. दहावीच्या सर्टिफिकेटवर बी एच ए जी वाय ए एस एच आर आय. आधारवर शेवटी आय नाही, डबल ई. आणि कॉलेजच्या शीटमध्ये वायच्या पुढचा ए गायब. आता मराठी माणसाला त्यानं काही फरक पडत नाही, तो वाचताना भाग्यश्रीच वाचतो, आपल्या भाषेत 'अ' लिहावा लागतोच कुठं, तो आपला मनातनं घालायचा असतो. कॉम्प्युटर मनातनं काही घालत नाही.

ऑफिसच्या खिडकीत गेले. काका म्हणाले, अगं एक ए तर आहे, अडतंय कुठं? मी म्हटलं काका, मेल येणार नाही ना मला. मग म्हणाले अर्ज कर, एचओडींची सही घे, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोड. म्हटलं मेलवर पाठवू का? पाठव की. पण कॉलेजच्याच आयडीवरनं पाठव हां, पर्सनलवरनं आलेलं आम्ही बघत नाय.

म्हणजे माझं नाव चुकलंय हे मी माझ्या चुकलेल्या नावानं कळवायचं. कळवलं. तीन वर्षं झाली, काकांची बदली दुसऱ्या खिडकीत झाली, ए काही आला नाही.

घरी पप्पांना सांगितलं तर ते खो खो हसायलाच लागले. त्यांचं बीकॉम झालं तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, आणि त्यांच्या मार्कलिस्टवर आजोबांचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करायला पहाटेची एसटी पकडून कोल्हापूर, मग कळलं एक कागद राहिला, परत सोलापूर, परत कोल्हापूर. तुझं निदान बसल्या जागी चुकलंय, असं म्हणाले, जसं काही सोयच झाली. सोलापूर विद्यापीठ आलं 2004 साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी 1 एप्रिलला जीमेल निघालं, फुकटात 1 जीबी जागा म्हटल्यावर बऱ्याच लोकांना तो एप्रिल फूलच वाटला होता. मीपण त्याच वर्षीची. तिघांपैकी माझंच स्पेलिंग गंडलं.

पण खरी मजा आली ती मी आयडी वहीच्या पानावर लिहून पप्पांना दाखवला तेव्हा. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहेत, बिलं करतात. मोबाईलवर मेल त्यांनी कधी उघडला नव्हता, मला वाटलं आता ॲट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, ॲट द रेटच्या पुढं रेट लिहायचा असतो, इथं कॉलेजचं नाव कशाला?

मला पाच मिनिटं कळलंच नाही. मग त्यांनी जुनं बिलबुक काढून दाखवलं. टर्किश टॉवेल, इतके डझन, मग ते गोल शेपटीवालं चिन्ह, मग भाव. पानोपानी. आमच्या घरात ते चिन्ह माझ्या जन्माच्या आधीपासनं होतं, पप्पांच्या हातचं, एका झटक्यात काढलेलं, आणि मी समजत होते ती इंटरनेटची वस्तू आहे. आपण सगळे मेल आयडी सांगताना 'ॲट द रेट' म्हणतो ते ह्याच बिलातलं. नंतर शोधलं तर खरंच तसं आहे, 1971 साली रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं एका मशीनवरनं दुसऱ्या मशीनवर मेल पाठवायची सोय केली तेव्हा त्याला माणसाचं नाव आणि मशीनचं नाव ह्यांच्या मध्ये घालायला असं चिन्ह पाहिजे होतं जे कुणाच्या नावात येत नाही, आणि कीबोर्डवर हे हिशेबातलं चिन्ह नुसतंच बसून होतं. उचललं त्यानं. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, व्यापाऱ्याचंच आहे ते, आमच्याकडनं गेलंय.

सीसीचं तर त्याहून भारी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी एवढं मला पाठ होतं, पण कार्बन म्हणजे काय हे मी कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं. बिलबुकात पांढरं पान, मग गुलाबी, मग पिवळं, मध्ये निळा-काळा कागद सरकवायचा आणि पेन जोरात दाबायचं, पांढरं गिऱ्हाइकाला, गुलाबी ट्रान्सपोर्टला, पिवळं ऑफिसला. शेवटच्या पानावर अक्षर एवढं फिकं की आकडा तिरकं धरून वाचायचा. बीसीसी म्हणजे चौथं पान, कुणाला गेलं ते वरच्या तिघांना कळत नाही, असं मी सांगितल्यावर पप्पा जरा विचारात पडले आणि म्हणाले, असलं पान आमच्या मालकाला लय आवडेल.

वर्गात मात्र सीसी, बीसीसी, रिप्लाय ऑल ह्यातला फरक कुणालाच माहीत नव्हता. आमची पिढी मोबाईलवर जन्मलेली म्हणतात ते खोटं नाही पण आम्ही व्हॉट्सॲपवर जन्मलो, मेलवर नाही. पहिल्या असाइनमेंटला मी अख्खं पत्र सब्जेक्टमध्येच लिहिलं होतं, नमस्कार सर मी एफवायची अमुक रोल नंबर असाइनमेंट पाठवत आहे, आणि खाली सगळं कोरं, अटॅचमेंटपण नाही. संक्रांतीच्या वेळी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या सुट्टीचा मेल सगळ्यांना आला, एकानं रिप्लाय ऑल करून 'थँक्यू सर' लिहिलं, मग दुसऱ्यानं, मग ती साथच आली, दोन तासांत मेलबॉक्स भरला, आणि त्यात एकाचा मेल, 'सातला होम मैदानावर ये बे, मोठ्या पाळण्यापाशी, पैसे तू आण.' तोपण सगळ्यांना, प्राचार्यांसकट. प्राचार्य आले नाहीत.

माझ्या त्या ए-नं काय काय केलं ते सांगायचं राहिलं. मैत्रिणी मला नोट्स पाठवायच्या त्या बरोबर स्पेलिंगवर, आणि त्यांना उलट उत्तर यायचं, ॲड्रेस सापडला नाही, पाठवणारा मेलर डेमन. आमच्यातली एक घाबरलीच, म्हणाली डेमन म्हणजे भूत ना गं, तुझा आयडी झपाटलेला आहे. तेव्हा हसलो. पुढं थर्मोडायनॅमिक्सला मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाचा डेमन शिकवला, 1867 सालची कल्पना, दोन खोल्यांच्या मधल्या बारीक दारावर बसलेला, येणारा प्रत्येक रेणू बघून ह्याला सोड त्याला अडव करणारा. आणि वाचताना सापडलं की 1963च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीतल्या कॉम्प्युटरवाल्यांनी मागच्या मागं गपचूप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव मॅक्सवेलवरनंच दिलं. म्हणजे माझ्या दारावर तीन वर्षं फिजिक्सच्या पुस्तकातला माणूस बसला होता आणि एका ए-साठी माझ्या मैत्रिणींना परत पाठवत होता. परीक्षेत डेमनवर प्रश्न आला तेव्हा मी दीड पान लिहिलं. मायेनं लिहिलं.

टिंबाचीपण एक गोष्ट आहे. साध्या जीमेलला नावातल्या टिंबानं काही फरक पडत नाही, घाला नाहीतर काढा, मेल पोचतो. कॉलेजच्या मेलला पडतो. आतलं इंजिन तेच गूगलचं, दिसतं तसंच, पण नियम वेगळे. हे कुणी सांगत नाही, टिंब विसरून दोनदा आपटल्यावर कळतं.

पासवर्ड विसरला तरी तसंच, नेहमीसारखं ओटीपी वगैरे नाही, स्क्रीनवर येतं की तुमच्या ॲडमिनला भेटा. ॲडमिन म्हणजे कॉम्प्युटर लॅबमधले सर, ते दुपारी जेवायला गेले की सगळ्या कॉलेजची स्मरणशक्ती बंद.

आणि 25 एमबी! प्रॅक्टिकलचं जर्नल मोबाईलनं स्कॅन केलं तर 31 एमबी झालं, मेलला 25च्या वर जोडता येत नाही म्हणून त्यानं आपोआप ड्राइव्हची लिंक केली, आणि सरांनी लिंक उघडली तर परवानगी नाही, परवानगी मागा. सरांनी मागितली. ती मागितल्याचा मेल मला आला, आणि मी कॉलेजचा मेल काय रोज उघडते थोडीच. सर शुक्रवारी वर्गात म्हणाले, भाग्यश्रीबाई, तीन दिवस झाले तुमच्या दारात उभा आहे, कडी काढा.

जागेवरनं आठवलं, सीनियर सांगायचे की पूर्वी कॉलेजच्या अकाउंटला ड्राइव्हची जागा अमर्याद होती, पिक्चर साठवून ठेवायचे लोक. मग 2022 पासनं गूगलनं अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट केली आणि कॉलेजनं आम्हाला माणशी थोडी थोडी वाटून दिली. बाहेरगावची मुलं चिडली. आम्ही सोलापूरकर गप्प. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावात वाढलेल्या माणसाला वाटून घ्यायचं नवीन नसतं, अमर्याद ऐकलं की उलट शंका येते. मी तर बॅरल रिकामं करावं तसं दर महिन्याला ड्राइव्ह साफ करायचे.

फायदे झाले, नाही म्हणत नाही. आयडीच्या शेवटी एसी डॉट इन असलं की बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी म्हणून लगेच मानतात, एकदोन सॉफ्टवेअर फुकट मिळाली, एका समर स्कूलचा फॉर्म पर्सनल मेलवर घेतच नव्हते तो ह्याच्यावर भरला. निवड झाल्याचा मेल स्पॅममध्ये पडला होता. स्पॅम 30 दिवसांनी आपोआप उडतं, मी बघितलं एकविसाव्या दिवशी, तेपण डिस्काउंटचं कूपन शोधत होते म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यांदा चुकीच्या स्पेलिंगची सही करून, म्हणजे तळाशी तेच नाव लिहून, अभिमानानं उत्तर पाठवलं. तिथं गेल्यावर गळ्यात घालायचं कार्डपण ए-शिवाय आलं. कुणी काही बोललं नाही, सगळे भाग्यश्रीच म्हणाले.

तर आता नोटीस. काल रात्री बसून सामान हलवलं, गूगलची सोय आहे, कॉलेजच्या अकाउंटमधलं मेल आणि ड्राइव्ह आपल्या खासगी अकाउंटमध्ये पाठवता येतं. पण माझा खासगी आयडी आठवीत काढलेला, त्यात एंजल आहे आणि शेवटी तीन शून्य आहेत, तो नोकरीच्या अर्जावर लिहायची माझी हिंमत नाही. म्हणून म्हटलं नवीन काढू, साधा, नाव आणि आडनाव, ह्या वेळी सगळे ए जागच्या जागी. टाकलं. उपलब्ध नाही. टिंब घालून बघितलं, त्याला टिंब दिसतच नाही. आडनाव आधी घेतलं, तेपण गेलेलं. डबल ई गेलेलं. माझ्या नावाच्या किती जणी आहेत कोण जाणे, सगळ्या माझ्या आधी उठलेल्या.

मग वाय नंतरचा ए काढला.

हिरवी टिक आली. पप्पा शेजारी बसून भडंग खात होते, स्क्रीनकडं बघून म्हणाले, झालं का? काय लागलं?

फुकट, म्हटलं.

मग ॲट द रेट फुकट लिही की, म्हणाले आणि डबा माझ्याकडं सरकवला.