एका पात्याचे वल्हे

कॅनडातील अल्गॉन्क्विन उद्यानात आधी कयाक ही अरुंद होडी आणि दुसऱ्या दिवशी एकट्याने चालवायची कॅनू, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची उघडी होडी, वल्हवून पाहिली. कयाकमध्ये बैठक जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असते आणि दुपाती वल्हे आळीपाळीने दोन्ही बाजूंना पडत असल्यामुळे ती सहसा सरळ जाते. कॅनूत मात्र उजवीकडे वल्हे मारले की होडीचे नाक डावीकडे वळते. म्हणून फटक्याच्या शेवटी अंगठा खाली येईल असे मनगट फिरवून पाते किंचित बाहेर ढकलावे लागते, यालाच ‘जे स्ट्रोक’ म्हणतात. पहिला तासभर मी, खरे सांगायचे तर, गोल गोलच फिरत होतो. समोरून वारा आला की हलके, उचललेले नाक भरकटते. गुडघे टेकून थोडे पुढे सरकल्यावरच ती ऐकते. तरीही एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कॅनू उलटी करून खांद्यावर घेता येते, आणि तिथे मला कयाक नकोशी वाटते.