पेटीचा पंचनामा

बेळगावच्या वडगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार का जमा झाले नाहीत ते बघायचं, शेताचा उतारा काढून द्यायचा, आधारला कुठला मोबाईल जोडलाय ते शोधायचं, यातून उरलेल्या वेळात झेरॉक्स. त्यात गेल्या काही वर्षांत आणखी एक काम येऊन चिकटलं: गल्लीतल्या बंद घरांची पार्सलं ठेवून घेणं. हे काम मला कोणी दिलं नाही आणि मी कोणाकडे मागितलं नाही. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं असतं, कुरिअरच्या पोरांना एवढं पुरतं.

पार्सलं फक्त गल्लीचीच असतात असंही नाही. चंदगड तालुक्यातले पाहुणे आमच्या गल्लीतल्या नातेवाइकांचा पत्ता टाकतात. शिनोळी इथून पंधरा-वीस किलोमीटर, पण तिथला पिन ४१६ ने सुरू होतो, आमचा ५९० ने. तिकडं कुरिअरवाला येईल तेव्हा येईल. इकडं बाजाराला यायचंच असतं, येताना पार्सल न्यायचं. म्हणजे महाराष्ट्राची चप्पल कर्नाटकात उतरते आणि पिशवीतून परत महाराष्ट्रात जाते. सीमाप्रश्नावर एवढी वर्षं भांडून झाली, चपलेला त्याचं काही नाही.

तर मे महिन्याची सुरुवात. आदल्या रात्री शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. आपल्याकडं ती पहाटेपर्यंत चालते हे बेळगावकराला सांगायला नको. सगळी गल्ली अर्धवट झोपेत, आणि त्याच दिवशी एसएसएलसीचा, म्हणजे इकडच्या दहावीचा, निकाल. साइट उघडत नव्हती. दुकानात पोरं, पोरांच्या आया, एक आजी, आणि गणितात किती पडणार याची आधीच खात्री असलेला एक मुलगा जो सारखा म्हणत होता, "काकू, माझं शेवटी बघा." या गर्दीत कुरिअरचा पोरगा घुसला, काउंटरवर पुठ्ठ्याची पेटी ठेवली आणि म्हणाला, "अक्का, शिरस्तेदार काकांच्या मन्याग यारू इल्ल्री. निम्म हत्र इडतीन्री." घरी कोणी नाही, तुमच्याकडं ठेवतो. मी मान वर करेपर्यंत त्यानं मोबाईलवर पेटीचा फोटो काढला आणि गेलासुद्धा. पेटी मी पायानं काउंटरखाली सरकवली. आजी तिच्यावर बसायच्या बेतात होत्या, त्यांना स्टूल दिलं. गणितवाला मुलगा पास झाला, त्यालाच धक्का बसला.

शिरस्तेदार काका म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले, आमच्या समोरच्या घरातले. नाव काही असो, गल्लीत ते शिरस्तेदार काकाच. ते आणि काकू गावी गेले होते, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला. आधी गावची जत्रा, मग पावसाळ्याआधी घराची कौलं परतायची. त्या बाजूला पाऊस लागला की थांबत नाही आणि मोबाईलला रेंज एरवीही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि शटर वर जायच्या आतच वास आला. टोनरचा नव्हे. हापूसचा.

पेटी वर घेतली. बाजूला देवगडच्या बागायतदाराचं नाव, खाली "दोन डझन", आणि हवेसाठी पाडलेल्या भोकांतून पेंढा दिसत होता. लेबलवर नाव-पत्ता काकांचा. फोन नंबराच्या जागी मधले आकडे फुल्या मारून झाकलेले. काकांना फोन लावला, कन्नडमध्ये बाई म्हणाली की ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. काकूंना लावला, तीच बाई.

मग कुरिअरच्या मदत क्रमांकावर. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलली. तिनं पार्सलचा नंबर विचारला, बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, हे डिलिव्हर झालंय." मी म्हटलं, झालंय, पण माझ्याकडं. ती म्हणाली, शेजाऱ्याकडं दिलं असा शेरा आहे, फोटोही आहे. परत घेऊन जा म्हटलं तर म्हणे, डिलिव्हर झालेलं पार्सल परत घेता येत नाही, त्यासाठी ग्राहकानं तक्रार केली पाहिजे. ग्राहक कणकुंबीला कौलांवर चढलाय, हे तिच्या कॉम्प्युटरमध्ये कुठं भरणार? बिचारीचा दोष नाही. पण त्या शेऱ्यानं काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं. बंद दाराला कडी बघून पेटी परत गेली असती तर कुरिअरच्या गोडाऊनला काळजी, बागायतदाराला काळजी, पैसे भरणाऱ्याला काळजी. आता सगळे सुटले. काळजी एकटी माझ्या काउंटरखाली, आणि ती पिकत होती.

शेवटी पेटीवरच्या बागायतदाराला फोन केला. हा माणूस मात्र लगेच समजला. "ताईनू, आंबो वाट बघना नाय," तो म्हणाला. "पेटी उघडा. एकेक फळ वेगळा करा. नायतर सगळा जातला." मी म्हटलं, अहो, दुसऱ्याचं पार्सल मी कसं उघडू? तो म्हणाला, तुमी नाय उघडलात तर उंदीर उघडतील. मग त्यानं शिकवलं. एक फळ कुजलं की त्याच्या लागून असलेली भराभर जातात, म्हणून कुजकं आधी बाहेर. पिकलेल्याची साल थोडी सैल पडते आणि देठाकडं वास येतो. पाडाला लागलेलं पण न पिकलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते तिथं पिकत नाही, नुसतं बिघडतं. पिकलेलं चालेल, तेही एक-दोन दिवस. ऑर्डर कुणी दिली विचारलं तर म्हणाला, पुण्यातून आली, मॅडम हत; नंबर मी देऊ शकत नाही, पण त्यांना निरोप देतो.

पुण्यात काकांची मुलगी. म्हणजे अक्षय्य तृतीयेला आईबाबांना गुपचूप आंबे.

आता उघडायचं म्हटलं तरी शिरस्तेदारांची पेटी. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांचे कागद तपासले, त्याची. उद्या त्यांनी विचारलं की डझन दोन होते, मग हे इतकेच कसे, तर? मी शेजारच्या विणकर मामांना बोलावलं. ते माग बंद करून आले. त्यांचे माग तसेही अर्धा दिवस बंदच असतात, सुताचा भाव त्यांना विचारू नये. दुसऱ्या पंच म्हणून पिठाच्या गिरणीतल्या वहिनी, पीठ झाडत. मामा म्हणाले, "काय करूलायस गे? पोलीस केस काय?" मी म्हटलं, तसंच समजा.

मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि पेटी कापली. पेंढा बाजूला करून एकेक आंबा काउंटरवर मांडला. चोवीस. मामांनी दोनदा मोजले. देठाशी काळे पडून पाणी सुटलेले दोन. पूर्ण पिकलेले नऊ. बाकी तेरा अजून घट्ट, खांद्याकडं पिवळसर. मी कॉम्प्युटरवर बसून लिहिलं: "आज रोजी आम्ही खाली सही करणार पंच, वडगाव, बेळगाव..." पंचनाम्याची भाषा मला पाठ आहे, दिवसाला दोन-तीन टाइप करते. दोघांच्या सह्या घेतल्या. वहिनींनी हौसेनं अंगठाही उठवला; शाईचा पॅड समोरच होता. तेरा आंबे पेंढ्यात परत, नऊ वहिनींच्या फ्रिजमध्ये, दोन गायीला.

दुपारी पुण्याहून फोन. पहिली दहा मिनिटं ती मुलगी माझ्याशी बोललीच नाही, स्वतःशीच बोलत होती. तिला पोहोचल्याचा मेसेज आला होता. आईबाबा घरीच असणार असं तिनं धरलेलं. जत्रा झाली की परततात, कौलांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तर आंबे पोहोचले, आणि आईचा फोन नाही, बाबांचा फोन नाही. ती रुसली. तिनंही मुद्दाम फोन केला नाही. नवऱ्यालासुद्धा ऐकवलं, बघ, आमच्या घरात कौतुक म्हणून नाही. "काकू, मेसेजमध्ये फोटो होता हो," ती म्हणाली, "मी उघडूनच बघितला नाही. आता बघितला. त्यात तुमचं लॅमिनेशनचं मशीन आहे आणि कुणाच्या तरी आजीचा हात."

नऊ पिकलेल्यांचं काय करू विचारलं. म्हणाली, वाटून टाका गल्लीत. मी म्हटलं, मला लेखी पाठव. तिनं हसत व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं, मी त्याची प्रिंट काढून पंचनाम्याला जोडली. गल्लीत नऊ आंबे वाटणं हे चोवीस मोजण्यापेक्षा अवघड. मामांच्या घरी पाच माणसं, वहिनींच्या दोन. निकालाच्या दिवशीच्या आजी आपल्या आपण आल्या. कापले आणि फोडी केल्या. एकात साका निघाला, आत पांढरट, स्पंजासारखा. बाहेरून साल इतकी देखणी की पैज लावली असती. मामा म्हणाले, माणसात पण असतं तसं, आणि तो त्यांनीच खाल्ला.

तेरा राहिले. ते काकांपर्यंत पोहोचवायचे तर एकच वाट, बस. संध्याकाळी स्टँडवर गेले, कणकुंबीकडं जाणाऱ्या बसच्या कंडक्टरला गाठलं. काकांचं नाव सांगितलं तर म्हणाला, "कोर्टातले ना? माझ्या भावाची केस होती." पेटीला सुतळी बांधली, वर चिठ्ठी: मुलीला फोन करा, रेंज असेल तिथं जाऊन. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. देवगडहून निघालेली ही पेटी ट्रॅकिंगप्रमाणे कोल्हापूर, मग बेळगाव ओलांडून हुबळी, मग परत बेळगाव अशी फिरली होती. एके काळी हाच माल सरळ आंबोली घाट चढून वेंगुर्ला रोडनं गावात यायचा. आता तेरा आंबे पुन्हा सह्याद्रीकडं निघाले, लाल बसमधून.

पोहोचले. काका आंबे घेऊन जवळच्या टेकावर गेले आणि तिथून मुलीला फोन लावला, हे काकूंनी नंतर सांगितलं. बापलेक काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

कौलं परतून झाल्यावर दोघं आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात, चष्मा लावून. "पंचनामा दाखव." मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी खुर्ची ओढली, खिशातून लाल पेन काढलं. पंचांची नावं आहेत, वय आणि धंदा नाही. वेळ लिहिलेली नाही. दोन कुजक्या फळांची विल्हेवाट कशी लावली, नोंद नाही. सही आणि अंगठा दोन्ही कशाला? मग मला समजावलं: दुसऱ्याचा माल ताब्यात आला की आपल्या मालाची शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची, १८७२ चा करार कायदा, कलम १५१. ती तू घेतलीस. कलम १६९ सुद्धा आहे, हरवलेली वस्तू नाशवंत असेल आणि मालक शोधूनही सापडत नसेल तर विकता येते, "पण मी हरवलो नव्हतो. कौलांवर होतो."

"मग मी पुढच्या वेळी घेऊच नको का पार्सल?" मी विचारलं.

"घे की. पण आधी त्या पोराला मालकाला फोन लावायला सांग, तुझ्यासमोर. लागला तर घे. आणि खाण्याचं असेल तर घेऊ नको." तेवढ्यात तोच कुरिअरचा पोरगा गिरणीवाल्या वहिनींचं पार्सल घेऊन आला. काकांनी त्याला चांगली पंधरा मिनिटं कन्नडमध्ये उभं केलं. तो "हौद्री, हौद्री" म्हणत राहिला आणि निघताना पार्सल माझ्याच काउंटरवर ठेवून गेला.

मी पंचनामा दुरुस्त करून नवीन प्रिंट दिली. काकांनी ती दोनदा वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली, आणि प्रिंटचे दहा रुपये काउंटरवर ठेवले. मी घेतले.