दाबलं की सा, ओढलं की रे

साताऱ्याला आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात मी बारा वर्षं पेटी वाजवली. त्यामुळे ऑक्सफर्डला आल्यावर एका पबच्या अंगणात भात्याचं छोटं वाद्य गळ्यात अडकवलेला माणूस दिसला, तेव्हा वाटलं, हे तर पेटीचं धाकटं भावंड. महिन्याभरात हात बसेल. पावणेदोन वर्षं झाली, अजून बसतोच आहे.

वाद्याचं नाव मेलोडियन. तो माणूस वाजवत होता मॉरिस नाचासाठी, हा इंग्लंडचा जुना लोकनाच. सहा जणांचा संच, पांढरे कपडे, नडगीला बांधलेले घुंगरांचे पट्टे, हातात मोठाले रुमाल नाहीतर काठ्या. घरी व्हिडिओ पाठवला तर आईचा लगेच फोन, "हे लोक लेझीम घरी विसरून आलेत का गं?" मी तिला सांगितलं, 1448 साली लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिसवाल्यांना 7 शिलिंग दिल्याची नोंद आहे, म्हणजे नाच इतका तरी जुना. त्यावर ती म्हणाली, "बरं, पण तू नाचू नकोस."

नाचत नाही, वाजवते. आणि वाजवण्यातच सगळी गंमत आहे. आपल्या पेटीत एका हाताने भाता हलवत राहायचा, त्याचा सुराशी संबंध नाही. मेलोडियनचं तसं नाही. एकच बटण, पण भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. बटणांच्या एका ओळीत दाबताना सा, ग, प मिळतात आणि ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे साधं सा-रे-ग-म म्हणायचं तर दाब, ओढ, दाब, ओढ. पहिले सहा महिने माझं वाजवणं उचकी लागल्यासारखं ऐकू यायचं. मींड वगैरे विसराच. पण तो जो प्रत्येक सुराला बसणारा हिसका आहे ना, तोच नाचणाऱ्याला जमिनीवरून उचलतो. गुळगुळीत वाजवलं की त्यांचे पाय जड होतात.

प्रत्येक नाचाच्या आधी चालीचा पहिला भाग एकदा नुसताच वाजवायचा. तोवर सहाही जण उभे. याला 'वन्स टू युवरसेल्फ' म्हणतात. चाल कोणती, लय काय, हे त्या तेवढ्या वेळात त्यांच्या अंगात उतरायला हवं. तिथे मी घाई केली तर पुढची चार मिनिटं सहा माणसं मनातल्या मनात माझा उद्धार करतात.

आमचा संच लीफिल्ड गावच्या पद्धतीचे नाच करतो, त्यांना फील्डटाऊन म्हणतात. त्यात एक जागा अशी येते की चाल एकदम निम्म्या लयीवर येते आणि नाचणारे जितकं जमेल तितकं उंच उडतात. सूर किती लांबवायचा? तो माणूस हवेत आहे तोवर. छापील चालींत ही जागा बरोब्बर दुप्पट लांब दाखवलेली असते. मी तशीच पाठ करून गेले होते. आमच्या फोरमनने, म्हणजे नाच शिकवणाऱ्याने, समोरचा कागद उचलून खिडकीत ठेवला. म्हणाला, "बोटांकडे बघू नकोस, कागदाकडे तर नाहीच. त्यांच्या गुडघ्यांकडे बघ." गुडघे वाकले की उडी येणार हे कळतं. विशीतला पोरगा वर जाऊन तिथेच राहतो. सत्तरीचे काका उडतात आणि लगेच परततात. ओल्या गवतावर सगळेच सावध, डांबरावर जरा मोकळे. ढोलकीवाला लावणीत पायांकडे का बघत असतो, हे मला सातासमुद्रापार येऊन कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते. बुधवारच्या सरावाला मंडळींनी माझंच आधीच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. चाल तीच, लय तीच, चुकासुद्धा माझ्याच. तरी मोठ्या उड्यांपाशी पार विचका झाला म्हणे. दोघे खाली उतरले तेव्हा चाल पुढे निघून गेली होती, एकाची काठी दुसऱ्याच्या बोटांवर बसली. रेकॉर्डिंगमधली मी कुणाची वाट बघत नव्हते.

हेडिंग्टनला आमच्या बसच्या वाटेवर विल्यम किंबरच्या नावाचा रस्ता आहे. हा तिथला गवंडी. 1899 च्या कडाक्याच्या थंडीत बांधकामं बंद पडली, हातात पैसा नाही, म्हणून हंगाम नसताना 26 डिसेंबरला तिथली मॉरिस मंडळी नाचायला बाहेर पडली. किंबर कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायचं भात्याचं छोटं वाद्य, वाजवत होता. तिथे सासुरवाडीला आलेल्या सेसिल शार्प नावाच्या संगीतशिक्षकाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून चाली लिहून घेतल्या. आज मॉरिस इतक्या ठिकाणी दिसतो, त्यात त्या भेटीचा मोठा वाटा आहे. किंबर स्वतःही नाचायचा. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सूर कुठे थांबवायचा हे त्याला कुणी सांगायची गरज नसणार, त्याच्याच पोटऱ्यांना ठाऊक.

माझ्या पोटऱ्यांना काही ठाऊक नाही, त्यामुळे मला विचारावं लागतं. यंदा 1 मे ला पहाटे सहाला मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गाणं झालं, गर्दी रस्त्यावर उतरली, आणि आम्ही जागा धरून उभे राहिलो. थंडीने बटणं बोटांना चिकटत होती. सत्तरीचे काका रुमाल सावरत माझ्यापाशी आले.

"आज डावा गुडघा कुरकुरतोय," ते म्हणाले. "दुसऱ्या उडीला जरा लवकर येईन खाली."

मी मान डोलावली आणि पहिला भाग नुसताच वाजवायला घेतला.