नितळलेलं पाणी परत नाल्यात का?

आज आमच्या गावचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आतून पाहिलं. टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात, त्या ऑक्सिजनवर जिवाणू पाण्यातली घाण खातात. तिथल्या ऑपरेटर दादांनी ते तपकिरी पाणी काचेच्या भांड्यात भरून 30 मिनिटं ठेवलं. गाळ सावकाश तळाला बसला, वर नितळ पाणी! बघतच राहिलो. वीज गेली की हवा बंद, म्हणून दादांचं सगळं लक्ष जनरेटरच्या डिझेलवर.

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच आपल्या मराठवाड्यात हे पाणी नाल्यात सोडून द्यायचं? मला नाही पटत. प्यायला नको, पण बागांना, रस्त्याकडेच्या झाडांना तर द्या. नगरपालिकेला निवेदन देतोय. सह्या करायला कोण कोण येतंय?