शेवटची पाच मिनिटं मी नळावर असतो

माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कधी देता?" मी म्हणतो, सोमवारी. मग तो जरा टेकतो, चहा येईपर्यंत भिंतीकडं बघतो आणि दुसरा प्रश्न येतो, "हे कोन हायेत?" भिंतीवर पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ जिंकलेल्या भारतीय हॉकी संघाचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे, वाइंडिंगच्या वार्निशनं एका कोपऱ्यात पिवळा पडलेला. मी सांगतो. आणि तिसरा प्रश्न, जो आता मला पाठ झाला आहे: "मंग यंदा तरी जिंकतेत का तुमचे?"

त्यातल्या 'तुमचे'वर माझा जीव अडकतो. क्रिकेटवाले 'आपले' आणि हॉकीवाले 'तुमचे'. जणू मी त्यांना पगार देतो.

एरवी मी "बघू की" म्हणून सुटतो. यंदा, म्हणजे २०२५ ला, मात्र सप्टेंबरच्या पावसानं अख्ख्या मराठवाड्याचं सोयाबीन पाण्यात घातलं, विहिरीवरच्या मोटारी बुडाल्या, स्टार्टरच्या पेट्या चिखलानं भरल्या आणि दिवाळी उलटली तरी दुकानात रांग आहे. जितके गिऱ्हाईक तितक्यांदा तोच प्रश्न. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

आधी हे वेड लागलं कसं ते. मी नांदेडचा. आमच्या घरात कुणी हॉकी खेळलेलं नाही. पण गुरुद्वाऱ्यामुळं या गावात हॉकी आहे, आणि थंडीत खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरते. आम्ही तिला नुसतं 'गोल्ड कप' म्हणायचो. वडिलांचे एक सरदारजी मित्र होते. पंजाबी, दखनी आणि मराठी अशी तिन्ही एकाच वाक्यात बोलायचे. ते मला लुनाच्या मागं बसवून न्यायचे. मैदान मातीचं. सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला, फक्कीच्या रेषा ताज्या, आणि चेंडू खड्याला लागून कुठं उडेल याचा नेम नाही. फौजेचे, पोलिसांचे, रेल्वेचे संघ यायचे. कडेला बसलं की चेंडू गोलाच्या फळीवर आदळल्याचा 'ठक्क' असा आवाज छातीत वाजायचा. टीव्हीवर तो आवाज येत नाही, हे सगळ्यांना सांगून बघितलं, कुणाला पटत नाही.

हे सरदारजी काका म्हणायचे, "बेटा, हॉकी में आखरी पाच मिंट बघायचं. बाकी सगळं वार्म-अप." त्यांनी हे गमतीनं म्हटलं होतं. माझ्या नशिबाला ते शाप म्हणून चिकटलं.

सन २००० ची सिडनी ऑलिंपिक. धनराज पिल्ले संघात, म्हणजे पुण्याच्या खडकीचा आपला माणूस. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. एक-शून्य पुढं होतो. काकांच्या घरी सगळे टीव्हीसमोर. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडनं बरोबरी केली. एक-एक. काका काही बोलले नाहीत, उठून बाहेरच्या नळावर गेले आणि तोंड धुऊन आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मोठी माणसं रडताना तोंड धुतात हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतरचा हिशेब हॉकी बघणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो, म्हणून भरभर सांगतो. २००८ साली बीजिंगला आपण पात्रच ठरलो नाही. १९२८ नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये भारताची हॉकी नव्हती. २०१२ ला लंडनला बारा संघांत बारावे. २०१६ ला रिओत जर्मनीशी बरोबरी चाललेली, तीन सेकंद उरलेले, आणि गोल खाल्ला. तीन सेकंद! तेवढ्यात माणूस स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही. २०२३ चा विश्वचषक तर आपल्या घरात, ओडिशात. न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढं असताना ३-३ झालं, शूटआऊटमध्ये (एकेका खेळाडूनं एकट्या गोलकीपरसमोर गोल मारायचा) हरलो आणि उपांत्यपूर्व फेरीही दिसली नाही.

रिओनंतर मी नियम केला. शेवटची पाच मिनिटं मी घरात थांबत नाही. अंगणातल्या नळावर जातो. पाणी असलं तर बादली भरतो, नसलं तर तोटी उघडून-मिटून बघतो. आत बायको आणि लेक बघतात आणि काय झालं ते ओरडून सांगतात. टोकियोच्या ब्राँझच्या सामन्याला, ५ ऑगस्ट २०२१ ला सकाळी, मी असाच नळावर होतो. ५-४ ने आपण पुढं, सहा-सात सेकंद उरलेले आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलावर फटका मारायची हक्काची संधी. आतून आवाजच येईना. नंतर आपला गोलकीपर श्रीजेशनं तो अडवला आणि बायकोनं जी किंकाळी फोडली, तिनं शेजारच्या वहिनी लाटणं घेऊन धावत आल्या. ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं आणि मी ते पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणू देत.

आता यंदाचं. प्रश्न विचारणाऱ्यांना जून महिना माहीत नसतो, म्हणून तो आधी सांगायला हवा. प्रो लीग या नऊ देशांच्या स्पर्धेसाठी आपला संघ युरोपात गेला. नेदरलँड्सकडून १-२, २-३. अर्जेंटिनाकडून ३-४, १-२. ऑस्ट्रेलियाकडून २-३ आणि पुन्हा २-३. सहा सामने, सहाही एकाच गोलानं हरले. मग बेल्जियमनं ६-३ असं सरळ धुतलं, ते एका परीनं बरं वाटलं, निदान नळावर जायची गरज पडली नाही. शेवटचा सामना त्याच बेल्जियमविरुद्ध ४-३ ने जिंकला. नऊ संघांत आठवे आलो.

पाच-शून्यानं हरणारा संघ दुबळा असतो, त्याची कीव येते. सहा वेळा एकेका गोलानं हरणाऱ्या संघाचा राग येतो, कारण त्याला खेळ येतो हे दिसत असतं. चारांतले साडेतीन क्वार्टर बरोबरीनं खेळायचं आणि मग सगळ्यांनी मागं सरकून डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी गर्दी करायची. प्रशिक्षक क्रेग फुल्टन बचाव पक्का करून जिंकण्याच्या मताचे आहेत आणि पॅरिसला ते मत फळलंही. ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, उरलेला सगळा सामना दहा जण खेळले आणि शूटआऊटमध्ये जिंकले. तसा बचाव मी आयुष्यात बघितला नव्हता. पण दहा जणांनी नाइलाजानं केलेली गोष्ट अकरा जणांनी सवयीनं का करावी? डीमध्ये गर्दी झाली की चेंडू कुणाच्या ना कुणाच्या पायाला लागतोच, आणि पाय लागला की पेनल्टी कॉर्नर. समोरच्याचा ड्रॅग फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलात फेकणारा, त्याचीच वाट बघत उभा असतो. हे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटार चालू ठेवण्यासारखं आहे. जळणारच.

दुसरी तक्रार हरमनप्रीतबद्दल आहे, म्हणजे त्याच्या बाजूनं आहे. पॅरिसला आपण १५ गोल केले, त्यांतले १० एकट्या हरमनप्रीतचे. त्याच्यासारखा ड्रॅग फ्लिक मारणारा कप्तान मिळायला भाग्य लागतं. पण एकाच फेजवर सगळं घर चालवलं की काय होतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. समोरचे संघ आता त्याचा अभ्यास करून येतात. पहिला धावणारा खेळाडू गुडघ्याला पॅड बांधून सरळ त्याच्या अंगावर येतो. दुसरा, तिसरा पर्याय तयार ठेवायला नको का?

आणि श्रीजेश निवृत्त झाला. आता कृष्ण बहादूर पाठक आहे, मुंबईचा सूरज करकेरा आहे. दोघंही चांगले. पण माझ्यासारख्याला शेवटच्या पाच मिनिटांत गोलात श्रीजेश असण्याची सवय लागलेली. नळावर उभं राहून मी अजून त्याचंच नाव पुटपुटतो.

आता आशेचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, रडायलाच बसला.

सप्टेंबरला बिहारमध्ये राजगीरला आशिया चषक झाला. आम्ही टीव्हीवर मॅच लावायचो आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घ्यायचा नाही. अंतिम सामना ७ सप्टेंबरला, कोरियाशी. पहिल्याच मिनिटाला सुखजीतचा गोल. मग दिलप्रीतचे दोन. चौथा पेनल्टी कॉर्नरवर, पण मारला अमित रोहिदासनं. बघितलंत का? चार गोल आणि त्यांत हरमनप्रीतचा एकही नाही. मी मे महिन्यापासून हेच तर मागत होतो. ४-१ ने जिंकलो, आठ वर्षांनी आशिया चषक आला आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं तिकीट हातात पडलं.

त्या दिवशी लेक म्हणाली, "पप्पा, चार-शून्य आहे, बसा ना आज तरी." बसलो. पुढच्या मिनिटाला कोरियानं गोल केला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं आणि चप्पल घातली.

विश्वचषक १५ ते ३० ऑगस्ट २०२६, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये. म्हणजे जिथं जूनमध्ये मार खाल्ला त्याच मुलखात. आपण विश्वचषक एकदाच जिंकलो आहोत, १९७५ साली क्वालालंपूरला, पाकिस्तानला २-१ ने हरवून. त्यानंतर उपांत्य फेरीसुद्धा नाही. पन्नास वर्षं झाली. या ७ नोव्हेंबरला भारतीय हॉकीला शंभर वर्षं होतायत, समारंभ होतील, आठ सुवर्णपदकांची यादी वाचली जाईल. मला त्या यादीचा आता जरा कंटाळा आला आहे. आजोबांची सातशे एकर जमीन होती हे सांगून नातवाला कुणी पीककर्ज देत नाही.

विश्वचषक संपून वीस दिवस होतात न होतात तोच जपानमध्ये आशियाई स्पर्धा. तिथं सुवर्ण मिळालं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची जागा पक्की. पुढच्या साली अधिक महिना आहे, त्यामुळं सण पुढं गेलेत: विश्वचषक श्रावणात आणि एशियाड गणपतीत सुरू होऊन पितृपक्षात संपणार. आई म्हणते पितृपक्षात काही शुभ होत नसतं. मी म्हटलं, ध्यानचंद आपले पितरच की, त्यांना पानात वाढू.

मग माझं उत्तर काय? विश्वचषक जिंकतील असं मी म्हणणार नाही. उपांत्य फेरी गाठतील असं मला वाटतं, आणि ते गोलांच्या जोरावर नाही, तर शेवटच्या क्वार्टरला पुढं राहून खेळायचं धाडस केलं तरच. एशियाडचं सुवर्ण यायला हवं. ते नाही आलं तर मात्र फोटो उतरवीन. (बायको म्हणते, २०२३ लाही असंच म्हणाला होतात.)

एक राहिलं. काही जण विचारतात, हॉकी इंडिया लीगमध्ये तुमची टीम कोणती? पुन्हा सुरू झालेल्या लीगच्या पहिल्या मोसमात पुरुषांचे आठ संघ होते, महाराष्ट्राचा एकही नाही. मग मी हैदराबाद तूफान्स धरला. म्हटलं, १९४८ पर्यंत आपण त्याच संस्थानात होतो, जुनी ओळख आहे. पहिल्याच मोसमात फायनलला गेले आणि बंगालकडून ३-४ ने हरले, बरोबरी सुटली तीही शेवटच्या क्वार्टरमध्ये. निजामाकडून मुक्त झालो, यातून कधी होणार कोण जाणे.

लेक आता बारा वर्षांची आहे. थंडीत गोल्ड कप बघायला तिला नेणार आहे, लुना नाही, स्कूटीवर. तिला स्टिक हवी आहे. इथल्या मातीत खेळून पोरं मोठ्या स्पर्धेला टर्फवर जातात आणि चेंडूचा वेग बघून पहिले दहा मिनिटं गांगरतात, हे मी वर्षानुवर्षं बघतो. संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात हॉकी शिकवतात, पण ते इथून चार-पाच तासांवर. तरी स्टिक घेऊ. अंगणात भिंतीवर चेंडू मारील, तो 'ठक्क' आवाज तरी घरात येईल.

३० ऑगस्टला रविवार आहे, दुकान तसंही बंद. अंगणातल्या नळाला कालच पितळेची नवीन तोटी बसवून घेतली. जुनी राजगीरच्या फायनलला माझ्या हातात आली होती.