तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात बसून जिनिव्हाचा कायदा?

एलएलएमला विषय कोणता, असं कुणी विचारलं की मी सांगते, आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा. (संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकारांचं काम जिनिव्हातून चालतं, म्हणून 'जिनिव्हाचा'.) मग थोडी शांतता, आणि ठरलेला प्रश्न: "पण हे कोर्टात चालते का?" सिव्हिल लाइन्सला वकिली करणाऱ्या माझ्या मामांनी तर संत्रं सोलता सोलता विचारलं, "युनोवाले येऊन राहिले का गं तुझी केस लढायले?"

थेट चालत नाही, हे खरंच आहे. भारतानं करारावर सही केली म्हणून तो आपोआप इथला कायदा होत नाही, त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. पण मामांचं काम वसुलीच्या दरखास्तींचं, म्हणून त्यांना 1980 चा जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा निवाडा सांगितला. कर्ज फेडा असा कोर्टाचा हुकूमनामा झाला, पैसे भरले नाहीत, एवढ्यावरून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येतं का? न्या. कृष्ण अय्यर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा अनुच्छेद 11 पुढे ठेवला: कराराचं देणं फेडता येत नाही, एवढ्याच कारणानं कुणाला कैद नको. भारत त्या करारात 1979 मध्येच सामील झाला होता. मग त्याच्या उजेडात आपल्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 51 वाचलं: नुसती ऐपत नसणं पुरेसं नाही, बुडवायची नियत दिसली पाहिजे. मामा उडालेच. "अरे, हा निवाडा तर दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी माझ्याच अंगावर फेकते!"

नोकरीचं म्हणाल तर नेट, प्राध्यापकी किंवा वकिली. जिनिव्हाचं तिकीट कुणी हातात देत नाही.

पण मी हा विषय घेतला तो एका शब्दापायी. वांशिक भेदभावाविरुद्धच्या 1965 च्या करारात भेदभावाच्या कारणांची यादी आहे: वंश, वर्ण आणि मग 'डिसेंट' (descent), म्हणजे माणूस कुठल्या कुळात जन्मला ते. मसुदा चालू असताना हा शब्द घालायची सूचना भारताचीच. पुढे करारावर देखरेख करणारी समिती जातीबद्दल विचारू लागली तेव्हा आपलं सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, करार इथे लागू नाही. समितीनं 2002 मध्ये लिहून ठेवलं की 'डिसेंट'मध्ये जातही येते. मी रोज दीक्षाभूमीवरून कॉलेजला जाते. हा वाद मला परदेशातला वाटणार तरी कसा?

सध्या अडलेय ती मराठीवर. प्रबंधाच्या मराठी सारांशात मी 'डिसेंट'ला 'जन्मकूळ' लिहिलं. मॅडमनी खोडून 'वंशपरंपरा' केलं. मी म्हटलं, मॅडम, त्यात 'वंश' आला की अर्धी केस सरकारला देऊन टाकली. त्या हसल्या, पेन्सिलीनं शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "सोमवारी बघू." तीन सोमवार झाले.